मुख्य चित्रपटाआधीची वीस मिनिटं

1934 साली मुंबईत मोहन भवनानींनी ‘मजदूर’ नावाचा चित्रपट काढला. कथा प्रेमचंदांची, एका प्रसंगात ते स्वतः पडद्यावरही आले. विषय गिरणीमालक आणि त्यांच्यापुढे उभे ठाकणारे कामगार यांचा. गिरण्यांच्या शहरात असलं काही दाखवलं तर भडका उडेल, या भीतीनं मुंबईच्या सेन्सॉरनं त्यावर बंदी घातली. पुढं 1948 मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारनं फिल्म्स डिव्हिजन स्थापन केलं आणि त्याचे पहिले मुख्य निर्माते म्हणून नेमले ते याच भवनानींना. ज्यांचा चित्रपट लोकांनी पाहू नये म्हणून सरकारनं अडवला होता, त्यांच्याकडं आता लोकांनी पाहायलाच हवेत असे चित्रपट बनवण्याचं काम आलं.

सरकारी प्रचार म्हटला की आपण लगेच गोबेल्सकडं वळतो. त्यात एक सोय असते. गोबेल्स जर्मनीचा, हिटलरचा आणि मेलेला. त्याचं नाव घेतलं की प्रचार ही हुकूमशहांनी करायची गोष्ट ठरते आणि आपलं घर मोकळं राहतं. पण प्रचाराची यंत्रणा लोकशाहीतही उभी राहते. सज्जन माणसं चांगल्या हेतूनं ती उभी करतात आणि पुढं ती कुणाच्याही हाती जाते. हे पाहायला बर्लिनपर्यंत जायला नको. फिल्म्स डिव्हिजनचा मुंबईतला पेडर रोड पुरे.

सुरुवात इंग्रजांनी केली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर, 1940 मध्ये, सरकारनं ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ नेमलं. अध्यक्ष होते वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया. ते मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. फॅसिझमविरुद्धच्या लढाईत ब्रिटनला साथ द्यावी, असं मनापासून मानणारे. निर्मितीची धुरा आधी लंडनहून आलेल्या अलेक्झांडर शॉ यांच्याकडं, मग काही काळ व्ही. शांतारामांकडं आणि त्यानंतर एझरा मीर यांच्याकडं होती. सैन्यभरती, शस्त्रांचे कारखाने, मध्येच एखादी हस्तकला असा त्या अनुबोधपटांचा मजकूर. पण ते दाखवायला थिएटरवाले राजी नव्हते आणि प्रेक्षकही मागत नव्हते. तेव्हा 1943 मध्ये सरकारनं ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हे खातं काढलं आणि भारत संरक्षण नियमांखाली हुकूम सोडला : प्रत्येक खेळाआधी मंजूर चित्रपटांची 2000 फुटांपर्यंतची फिल्म दाखवलीच पाहिजे. पडद्यावर हे साधारण वीस-बावीस मिनिटांचं काम.

युद्ध संपलं आणि 1946 मध्ये हे खातं बंद पडलं. परक्या सत्तेचा भोंगा अशीच त्याची ओळख झाली होती, त्यामुळं त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारं कुणी नव्हतं. परिणाम असा की 15 ऑगस्ट 1947 ला सत्तांतर झालं तेव्हा ते टिपायला सरकारचं स्वतःचं चित्रपट-खातंच उरलं नव्हतं.

आणि मग, वर्षभराच्या आत, तेच सगळं परत आलं. नाव बदललं, झेंडा बदलला. सक्ती मात्र जशीच्या तशी राहिली. थिएटरच्या परवान्यातच अट होती की दर खेळाला मंजूर वृत्तचित्र किंवा अनुबोधपट दाखवायचा. पुढं 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं आणि राज्यांच्या परवाना नियमांनी तिला बळकटी दिली. यातली खरी गंमत पैशाची आहे. सरकारचा चित्रपट दाखवायचा आणि त्याचं भाडंही थिएटरवाल्यानंच सरकारला भरायचं. निव्वळ गल्ल्याच्या एक टक्क्यापर्यंत. प्रेक्षक तिकीट काढतो राज कपूरला पाहायला आणि त्यातला काही अंश जातो मंत्रिमहोदय फीत कापताहेत हे त्याला दाखवण्यासाठी. जाहिरातदारानं जाहिरात पाहणाऱ्याच्याच खिशातून जाहिरातीचे पैसे काढावेत, असला करार कुठल्या व्यापाऱ्याला जमला नसता.

हेतू वाईट होता का? मला तसं वाटत नाही. फाळणीतून नुकताच बाहेर पडलेला, बहुसंख्य निरक्षर देश. त्याला आपला नकाशा, आपल्या योजना, आपले शेजारी दाखवायचे तर चित्रपटासारखं साधन नव्हतं. धरणं, पोलादाचे कारखाने, लोकनृत्यं, देवीची लस, परदेशी पाहुण्यांचं स्वागत. मराठी आणि इतर अनेक भाषांतल्या निवेदनांसह ही रिळं गावोगावच्या थिएटरांत पोचत. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांवरचा अनुबोधपट 1961 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठीच केला. एम. एफ. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला 1967 मध्ये बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं. तेव्हा सगळंच टाकाऊ होतं असं म्हणणं खोटं ठरेल.

पण दर आठवड्याच्या वृत्तचित्राची गोष्ट वेगळी. तिथं बोलणारा एकच असे. वरून येणारा तो भारदस्त आवाज सगळं समजावून सांगत असे. पडद्यावरचा शेतकरी, कामगार, आदिवासी मात्र मुकाट्यानं हसत, राबत किंवा नाचत असे. तो काय म्हणतो हे विचारायची पद्धतच नव्हती. धरणाची भिंत दिसे, तिच्यामागं बुडालेलं गाव क्वचितच. प्रचार म्हणजे खोटं सांगणं, अशी आपली समजूत असते. फिल्म्स डिव्हिजननं खोटं फारसं सांगितलंच नाही. देश म्हणजे सरकार करतं ते आणि जनता म्हणजे ते घेणारी, एवढीच एक चौकट तिनं आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षं समोर धरली. त्या इंग्रजी निवेदनांतला एक ओळखीचा आवाज रोमेश थापर यांचा होता. याच थापरांच्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास राज्यानं प्रवेशबंदी केली होती आणि त्यांच्या खटल्यात 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वृत्तपत्रस्वातंत्र्याची पायाभूत व्याख्या केली होती.

प्रेक्षक काय करत? बाहेर चहा पीत. ‘न्यूज चालू आहे, अजून वेळ आहे’ हे वाक्य थिएटरच्या दारात सर्रास ऐकू येई. आत बसलेले गप्पा मारत, जागा शोधत. तरी अंधाऱ्या खोलीतून सुटका नसते ती नसतेच. रेडिओचं तसं नव्हतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे, 1952 मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि जनतेची अभिरुची सुधारण्यासाठी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. अखेर 1957 मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. पाच वर्षांत सरकार हरलं, कारण रेडिओला काटा होता. थिएटरात तो नव्हता, म्हणून तिथली सक्ती अर्धशतक टिकली.

साठच्या दशकाच्या मध्याला मात्र या खात्यात काहीतरी विलक्षण घडलं. पॅरिसला युनेस्कोत असलेले जाँ भावनगरी सल्लागार म्हणून परत आले. त्यांनी दिग्दर्शकांना मोकळं सोडलं. एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय ॲम ट्वेंटी’ मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना देशाबद्दल बोलतं केलं. त्यांत स्वप्नाळू होते तसे वैतागलेलेही होते. के. एस. चारी आणि टी. ए. अब्राहम यांनी ‘फेस टू फेस’ मध्ये रस्त्यावरच्या माणसांना लोकशाहीबद्दल विचारलं आणि कडवट उत्तरं कापली नाहीत. सुखदेव यांच्या ‘इंडिया 67’ मधून तर निवेदकच गायब झाला. प्रमोद पतींनी ‘एक्सप्लोरर’ मध्ये असलं काही केलं की सरकारी पैशातून हे निघालं यावर आजही विश्वास बसत नाही. हा काळ जेमतेम दोन-तीन वर्षांचा. यात नोंदवण्याजोगी एक गोष्ट आहे : भावनगरी परतले त्या सुमाराला माहिती आणि नभोवाणी खात्याच्या मंत्री होत्या इंदिरा गांधी.

दहा वर्षांनी, 25 जून 1975 च्या रात्री, त्याच इंदिरा गांधींनी आणीबाणी आणली. माहिती खात्यातून इंद्रकुमार गुजराल गेले, विद्याचरण शुक्ल आले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चार संस्था एकत्र करून 1976 मध्ये ‘समाचार’ ही एकच वृत्तसंस्था केली गेली. प्रेस कौन्सिल गुंडाळलं. सरकारी कार्यक्रमाला नकार देणाऱ्या किशोरकुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली. या यादीत एक नोंद मात्र सापडत नाही : प्रचारासाठी नवी यंत्रणा उभारल्याची. तिची गरजच नव्हती. थिएटरातली सक्ती होती, आकाशवाणीची मक्तेदारी होती, जाहिराती देणारं किंवा रोखणारं खातं होतं. इंदिरा गांधींचा वीस कलमी कार्यक्रम थेट त्या घडी बसलेल्या वाटेनं निघाला. ‘इंडिया 67’ मधून निवेदकाला हाकलणाऱ्या सुखदेव यांनी 1976 मध्ये आणीबाणीची भलामण करणारा ‘थंडर ऑफ फ्रीडम’ केला. आणि रोमेश थापर यांनी सेन्सॉरपुढं मान तुकवण्याऐवजी आपलं ‘सेमिनार’ मासिक बंद ठेवलं.

महाराष्ट्रात या प्रचाराला एक मोठं भांडवल मिळालं ते पवनारच्या आश्रमातून. विनोबा भावे वर्षभराच्या मौनात होते. त्या काळात त्यांनी लिहून दाखवलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारनं उचलले आणि भिंतींवर, फलकांवर, जाहिरातींत झळकवले. मौन सुटल्यावर, जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्य संमेलन भरलं. अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन, असा खुलासा विनोबांनी केला. त्या खुलाशाचे फलक कुठं लागले नाहीत.

पेडर रोडवरच, फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच रस्त्यावर, जसलोक रुग्णालयात तेव्हा जयप्रकाश नारायण मूत्रपिंडं निकामी होऊन पडले होते. वृत्तचित्राच्या कॅमेऱ्यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्यांच्याविषयी जाहीरपणे बोललं गेलं ते कऱ्हाडला, डिसेंबर 1975 च्या मराठी साहित्य संमेलनात. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी भर मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढं त्यांना अटक झाली. फेब्रुवारी 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाच्या खटल्यात सेन्सॉरचे आदेश रद्द ठरवले, सगळ्या नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असा निकालाचा आशय होता. संमेलनाचा मांडव, छोटी मासिकं, न्यायालयाची खोली या जागा वीस मिनिटांच्या सक्तीच्या टप्प्याबाहेर राहिल्या होत्या.

6 फेब्रुवारी 1977 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्या रविवारी ‘बॉबी’ लावला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सभा भरली ती भरलीच. मग मार्चमध्ये निकाल लागले आणि ‘जनतेनं प्रचार झुगारून दिला’ असं म्हणायची पद्धत पडली. मला ते पूर्ण पटत नाही. उत्तर प्रदेशात 85 पैकी आणि बिहारमध्ये 54 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, हे खरं. पण त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात 42 पैकी 41 जागा काँग्रेसच्या होत्या. महाराष्ट्रात 48 पैकी 20. सेन्सॉर सगळीकडं एकच, वृत्तचित्र एकच, रेडिओ एकच. मग निकाल इतके निराळे का? आंध्रातल्या विजयाला स्थानिक कारणं होती, हे नाकारता येत नाही. पण 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातली सर्वांत कडवी जबरदस्ती उत्तरेत झाली. ज्याला पोलिसांच्या गाडीत घालून शिबिरात नेलं, त्याला ‘सुखी कुटुंबा’चं भित्तिचित्र काय पटवणार? जिथं रोजच्या जगण्यानं पडद्यावरच्या आवाजाला खोटं पाडलं नाही, तिथं तो आवाज चालून गेला.

त्या प्रचाराचा सर्वांत मोठा बळी कोण, यावर माझं उत्तर आहे : खुद्द सरकार. बातम्या दाबल्यावर वर जात होती ती आपलीच स्तुती. निवडणूक जिंकू, हा अंदाज त्या स्तुतीच्या भरवशावर बांधलेला होता. निवडून आलेल्या जनता पक्षाच्या सरकारनं ऑगस्ट 1977 मध्ये माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, त्यात सेन्सॉरच्या आणि दडपणाच्या कहाण्या तपशिलानं आल्या. थिएटरातली सक्ती मात्र जनता सरकारनंही उठवली नाही. एक टक्क्यापर्यंतचं भाडं चालूच राहिलं.

या सक्तीला अखेर थिएटरवाल्यांनी आव्हान दिलं आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची मागणी फेटाळली. निकाल न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या पीठाचा. नागरिकाला जाणतेपणानं ठरवायला मदत होईल अशी माहिती दाखवायला लावणं हे अभिव्यक्तीच्या हक्काविरुद्ध नाही. पण कुणाला त्याच्या मर्जीविरुद्ध प्रचार किंवा एकांगी, विपर्यस्त मत वाहायला लावलं तर गोष्ट वेगळी होईल, असं त्यात म्हटलं आहे. रेघ चोख ओढलेली आहे. ती पाळली जाते की नाही हे दर शुक्रवारी नव्या रिळासाठी कोण तपासणार, हे त्यात नाही.

2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. पेडर रोडच्या आवारातल्या गुलशन महालात आता चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. वृत्तचित्रांची सद्दी त्याआधीच संपली होती. बातमीसाठी थिएटरात बसायची वेळ कुणावर राहिली नव्हती. अडवून ऐकवण्याची युक्ती मात्र मोडीत निघाली नाही. 2020 मध्ये करोना आला आणि देशातल्या प्रत्येक फोनवर, रिंग वाजण्याआधी, सरकारचा संदेश लागला. काही काळ अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. मजकूर निरुपद्रवी होता, मनोहरांच्या कसोटीला सहज उतरेल असा. तरी अँब्युलन्स बोलवायला फोन लावणाऱ्यालाही तो आधी ऐकावाच लागे. थोड्याच दिवसांत कुठलं बटण दाबलं की तो तुटतो, याचे निरोप व्हॉट्सॲपवर घराघरांत फिरू लागले.