आत शिरता येणारा स्तूप

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा तिथे मोकळे मैदान होते. त्या जागी, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, स्तूप पुरा व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यावर १९७८मध्ये काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

नमुना सांचीचा.

पण सांचीचा मोठा स्तूप आतून भरीव आहे. अशोकाच्या काळचा विटांचा गाभा, त्यावर शुंगकाळात चढवलेले दगडी आवरण. त्याच्या पोटात शिरायला दार नाही. भाविकाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. मल यांनी नेमका तो गाभाच वगळला. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. आत सभागृह आहे, बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्यांच्यासाठी बांधलेली वास्तू चारी दिशांनी दारे उघडून उभी आहे. हा बदल सोयीपुरता होता असे मानायला मन धजत नाही.

मापेही बोलकी आहेत. सांचीचा व्यास सुमारे १२० फूट, उंची ५४. नागपूरचा व्यास तेवढाच, उंची मात्र १२० फूट. त्यामुळे सांची बसकी दिसते, दीक्षाभूमी ताठ. बांधकामात धोलपुरी वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि संगमरवर वापरला आहे. दारांवरच्या कमानींत चक्र, हत्ती, घोडे, सिंह येतात. ही सजावट देखणी खरी, पण उसनी वाटते. वास्तूतला अस्सल विचार घुमटाखालच्या पोकळीत आहे.

प्रेरणेसाठी मध्य प्रदेशात जायची गरज होती का, असे एखादा वैदर्भीय विचारील. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७०च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर सापडलेल्या स्तूपाचा व्यास ४१.६ मीटर, म्हणजे सांचीहून मोठा. मात्र पवनीत उरले ते अवशेष. सांचीची आकृती शाबूत राहिली आणि शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी पोचली. शिवाय सांचीही आपल्याला अगदी परकी नाही. तिथल्या दक्षिण तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचे, आनंदाचे, नाव कोरलेले आहे.

वास्तू म्हणून दीक्षाभूमी नीट पाहायची असेल, तर दसऱ्याची गर्दी टाळून जावे, आणि जमल्यास एक दिवस पवनीसाठीही राखून ठेवावा.