दिव्याच्या खांबाखालचं खोकड

लंडनमधली 'द शार्ड' ही काचेची उत्तुंग इमारत २०११ साली अजून बांधून व्हायची होती. फेब्रुवारीत तिथल्या कामगारांना बहात्तराव्या मजल्यावर एक खोकड सापडलं. जिन्याने चढत चढत ते २८८ मीटर उंचीवर पोचलं होतं आणि कामगारांच्या खरकट्यावर मजेत दिवस काढत होतं. त्याचं 'रोमिओ' असं बारसंही झालं. पकडून, तपासून, खाऊपिऊ घालून त्याला परत लंडनच्याच रस्त्यावर सोडण्यात आलं. बातमी जगभर गेली. लंडनकरांना मात्र त्यातल्या उंचीचंच तेवढं नवल वाटलं असावं. बाकी खोकड काय, रोज रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी दिसतंच.

हे लाल खोकड, म्हणजे आपल्या माळरानावरच्या भारतीय खोकडाचं थोरलं भावंड. कोल्हा वेगळा, तो नात्याने लांडग्या-कुत्र्यांच्या जवळचा. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या शहरांत लाल खोकडांनी बस्तान बसवलं ते १९३० च्या दशकात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहरं बाहेर पसरत गेली आणि पुढेमागे बाग असलेल्या जोडघरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. कुंपणाला झुडपं, बागेच्या कोपऱ्यात अवजारांची लाकडी खोपी, तिच्याखाली बीळ खणायला मऊ माती आणि मागच्या दारी उष्टंखरकटं. खोकडाला याहून वेगळं काय हवं असतं? १९८० च्या दशकात ब्रिस्टल विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ स्टीफन हॅरिस यांनी ब्रिटनमधल्या शहरी खोकडांची संख्या सुमारे ३३,००० धरली होती. ब्रिस्टल हे तर या अभ्यासाचं माहेरघरच. १९९४ मध्ये तिथे खरजेची साथ शिरली आणि थोड्याच काळात शहरातली ९५ टक्क्यांहून अधिक खोकडं संपली. त्यानंतर संख्या सावरायला बरीच वर्षं गेली.

वन्यजीवांचे फोटो काढायचे तर ताडोबा नाहीतर थेट आफ्रिका, अशी आपली समजूत असते. जीपमध्ये बसायचं, हातभर लांब लेन्स रोखायची, वाघ दिसला की बटण दाबत सुटायचं. घराजवळच्या प्राण्याचं गणित याच्या नेमकं उलट आहे. तिथे अंतर कमी, पण अंधार दाट. प्राणी रोजचा, पण तो यायची वेळ आपल्या झोपेची. शिवाय चौकटीत नको असलेल्या गोष्टींची रेलचेल: विजेच्या तारा, लावलेल्या गाड्या, वाळत घातलेले कपडे. नवखा माणूस हे सगळं कापून टाकायला बघतो, प्राणी जंगलात असल्याचा देखावा करतो आणि हातचा फोटो घालवतो. कारण या फोटोतली बातमी त्या तारांत आणि कपड्यांतच असते.

उत्तर लंडनमधले छायाचित्रकार मॅथ्यू मरन यांचं उदाहरण घ्या. घराच्या आसपासच्या खोकडांचे फोटो ते वर्षाहून अधिक काळ काढत होते. तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी खोकडाचं भलंमोठं चित्र रंगवलेलं होतं. खरं खोकड त्या चित्रासमोरून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. खोकडाला कुणी सांगायला जाणार नाही. कित्येक तास वाट बघण्यात गेले, बरेच प्रयत्न फसले आणि अखेर एकदा दोघं समोरासमोर आले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत लोकपसंतीसाठी निवडलेल्या छायाचित्रांत ते झळकलं. ब्रिस्टलच्या सॅम हॉब्सन यांचं चित्रही असंच गाजलं. २०१६ मध्ये ते याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होतं. एका वस्तीतल्या भिंतीवरून डोकावणारं खोकड, मागे रस्त्याचे दिवे आणि घरं. शेजारणीने कुंपणावरून मान काढून चौकशी करावी, तसा त्याचा चेहरा!

असं चित्र नशिबाने मिळत नाही. त्यामागे त्या प्राण्याचं वेळापत्रक तोंडपाठ असावं लागतं. खोकडांचा जोड्या जमवण्याचा काळ जानेवारीच्या आसपास. मादीच्या कर्कश किंकाळ्यांनी त्या दिवसांत लोकांची झोप उडते. कुणाचा तरी खून होतोय असं वाटून पोलिसांना फोन करणारेही असतात. मादी माजावर असते ती वर्षातून जेमतेम तीन दिवस. पुढे बावन्न-त्रेपन्न दिवसांनी, मार्चच्या सुमारास, चार-पाच पिल्लं होतात. ती बिळाबाहेर तोंड काढतात एप्रिलच्या अखेरीस. तेव्हाची पिल्लं जवळून पाहावीत. अंगावर तांबूस नव्हे तर चॉकलेटी लव, नाक आखूड आणि डोळे निळसर राखाडी. चार-पाच आठवड्यांची झाली की हेच डोळे पिवळट, मधाच्या रंगाचे होऊ लागतात. जाणकाराला फोटोवरची तारीख बघावी लागत नाही. डोळ्यांच्या रंगावरून तो पिल्लाचं वय सांगतो. मे-जूनमध्ये पिल्लं हातात येईल त्याच्याशी खेळतात: चेंडू, बागकामाचे हातमोजे, चपला. बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागात २०२० मध्ये लोकांच्या चपला-बूट अंगणातून गायब होऊ लागले. चोर निघालं खोकड. त्याच्या साठ्यात शंभराहून जास्त नग सापडले.

दिवसाउजेडी हे सगळं टिपता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण माणसाच्या शेजारी राहायचं तर रात्रपाळी पत्करावी लागते. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरच्या ७६ अभ्यासांची त्यात गोळाबेरीज होती. माणसांची वर्दळ जिथे जास्त, तिथे प्राण्यांचा वावर दिवसाकडून रात्रीकडे सरकतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे शहरी वन्यजीवांचा फोटो हा मुळात उजेडाचा प्रश्न आहे.

उजेडाची पहिली अडचण रस्त्यावरच. सोडियमच्या जुन्या दिव्याखाली जवळजवळ एकच पिवळा रंग असतो. त्यात तांबडं खोकड, हिरवं झुडूप आणि निळी गाडी सगळी एकाच हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसतात. तो रंग नंतर संगणकावर दुरुस्त करता येत नाही, कारण बाकीचे रंग मुळात कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलेच नसतात. एलईडी दिवे आले आणि खोकडाची तांबूस झाक परत मिळाली. छायाचित्रकार फ्लॅश वापरतो तेव्हा त्याचा पांढरा उजेड रस्त्याच्या पिवळ्या उजेडाशी भांडतो. म्हणून फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद चढवायचा, ताकद अगदी कमी ठेवायची आणि शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं. फ्लॅशच्या क्षणभराच्या उजेडात प्राणी गोठतो, उरलेल्या वेळात मागची गल्ली हळूहळू कॅमेऱ्यात झिरपते. अडचण एकच: शटर उघडं असताना खोकड दिव्याखाली चालत राहिलं तर त्याच्यामागे भुतासारखी पुसट सावली उमटते.

दुसरी अडचण डोळ्यांची. खोकड, मांजर, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आत आलेला उजेड तो परत फेकतो, त्यामुळे कमी प्रकाशातही त्यांचं भागतं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला तर तोच उजेड सरळ लेन्समध्ये परततो आणि प्राण्याच्या जागी दोन पांढरे दिवे दिसतात. फ्लॅश बाजूला, उंचावर नेला की डोळे डोळ्यांसारखे दिसतात.

रात्रीच्या या खटाटोपाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतले वकील आणि काँग्रेस सदस्य जॉर्ज शायरस यांनी रात्री फ्लॅशने टिपलेल्या हरणांची व इतर प्राण्यांची छायाचित्रं 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जुलै १९०६ च्या अंकात आली. एकूण ७४ छायाचित्रं! मासिकाचं चित्रपुस्तक होतंय म्हणून संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. प्राण्यानेच तारेला पाय लावून स्वतःचा फोटो काढून घ्यायची युक्तीही शायरस यांनी वापरली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तशाच तारेने शिवालिकच्या जंगलात वाघ टिपले. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं.

त्या तारेचा आजचा वारस म्हणजे कॅमेरा ट्रॅप. त्यात सर्रास वापरला जाणारा संवेदक उष्णता हुंगतो, म्हणजे आजूबाजूपेक्षा गरम वस्तू समोरून सरकली की कॅमेऱ्याला इशारा देतो. त्यामुळे प्राणी आडवा गेला तर तो चटकन ओळखला जातो, सरळ अंगावर चालत आला तर उशिरा. आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा संवेदकाला प्राणी आणि भिंत यांत फरकच कळेनासा होतो. युरोपातल्या थंडीत हा त्रास नाही, आपल्याकडे आहे. अशा वेळी वाटेवर अदृश्य अवरक्त किरण सोडतात. तो कुणी तोडला की शटर उघडतं.

मुंबईच्या वाचकाला इथे आरे आठवलं असेल. ज्या वर्षी हॉब्सन यांचं खोकड अंतिम फेरीत होतं, त्याच २०१६ मध्ये शहरी विभागाचं पारितोषिक पटकावलं मुंबईकर नयन खानोलकर यांनी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतला वारली पाडा, घरांमधली अरुंद बोळ, दिव्याचा मंद उजेड आणि त्यातून निवांत निघालेला बिबट्या. हे चित्र मिळायला त्यांना चार महिने लागले. फ्लॅशचा उजेड बोळातल्या नेहमीच्या दिव्यासारखाच दिसेल अशी त्यांनी मांडणी केली आणि बिबट्या चौकट व्यापून टाकणार नाही, अशा बेताने कॅमेरा ठेवला. खरी मेख इथे आहे. बिबट्या मोठा दिसला असता तर तो कुठल्याही जंगलातला झाला असता. वाघोबाला मानणाऱ्या वारल्यांचं घर शेजारी दिसतं, म्हणून तो आरेचा बिबट्या ठरतो.

उद्यानात आणि आसपास २०२४ च्या पाहणीत ५४ बिबटे नोंदले गेले, तेही कॅमेरा ट्रॅपनेच. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असल्याने मोजदाद शक्य होते. खोकडाला ठिपके नाहीत. त्याची ओळख शेपटीच्या टोकाचा पांढरा झुपका आणि कानांच्या फाटक्या कडांवरून पटवावी लागते.

अशा चित्राने धोरण हलल्याचंही एक ठळक उदाहरण आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये पी-२२ हा कूगर दोन महामार्ग ओलांडून येऊन एकटाच राहिला होता. स्टीव्ह विंटर यांनी वर्षाहून जास्त काळ कॅमेरा ट्रॅप लावून 'हॉलिवूड' या अक्षरांखाली त्याला टिपलं. २०१३ च्या डिसेंबरात ते प्रसिद्ध झालं आणि पी-२२ घराघरांत पोचला. प्राण्यांना महामार्ग ओलांडायला पूल हवा या मागणीचा तो चेहरा झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुलाचं काम सुरू झालं, त्याच वर्षी डिसेंबरात पी-२२ गेला.

सगळ्यांना वर्षभर थांबायचा धीर नसतो. मग आमिष येतं. इंग्लंडमध्ये खोकडाला बागेत खाऊ ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथे या विषयावर वाद झडतात. चित्राच्या दृष्टीनेही ती सोय फसवी: खाणं टाकलं की प्राणी मान खाली घालून चावत बसतो. आपल्याकडे बिबट्यासाठी मांस ठेवणं हा सरळ शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ. लबाडीची शिक्षाही मोठी असते. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चं २००९ चं सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळालं होतं. लांडगा बहुधा माणसाळलेला असल्याचा निष्कर्ष काढून २०१० च्या जानेवारीत ते काढून घेण्यात आलं. गॅलरीतल्या बुलबुलाच्या घरट्याचा फोटो 'साफ' यावा म्हणून पानं-फांद्या छाटणारे स्पर्धेत उतरत नाहीत, त्यांना कुणी बाद करत नाही. पिल्लं तेवढी ऊन आणि कावळ्यांच्या तोंडी पडतात.

शहरात राहून प्राण्यांची अंगलटही बदलते आहे का? ग्लासगो विद्यापीठाच्या केव्हिन पार्सन्स यांच्या गटाने १९७० च्या दशकात लंडन आणि भोवतालच्या भागात गोळा केलेल्या खोकडांच्या कवट्या तपासल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शहरी खोकडांचं नाकाड ग्रामीण खोकडांपेक्षा आखूड आणि रुंद निघालं. उकिरडे उपसायला वेगापेक्षा चाव्याचा जोर कामी येत असावा. हा फरक फोटोत शोधायला मात्र जाऊ नये. रुंद लेन्सने जवळून टिपलं तर कुठल्याही खोकडाचं नाक लांबतं, आणि दुरून लांब लेन्सने टिपलं तर आखडतं.

मुंबई आणि नवी मुंबईच्या खारफुटीतल्या सोनेरी कोल्ह्यांवरचं काम त्या मानाने नवं आहे. कॅमेरा ट्रॅपमध्ये ते टिपले गेलेत, पण अभ्यासकांच्या कॅमेऱ्यांना फक्त नोंद हवी असते. खाडीपलीकडे उजळलेले मनोरे आणि अलीकडे चिखलात उभा कोल्हा, असं चित्र ज्याला हवं असेल त्याने आधी वनखात्याची परवानगी काढावी, कारण बरीचशी खारफुटी राखीव वन आहे. कॅमेरा भरतीच्या रेषेच्या वर बांधावा, खाऱ्या हवेपासून जोडण्या झाकाव्यात आणि भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवावं. पाणी चढलं की चिखलातली वाट बुडते, मग जनावर बांधावरून चालतं. बांध कुठे कोरडा राहतो, हे त्या खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला विचारावं.