अर्धांगवायूनंतरची घेरी

अर्धांगवायू म्हणजे वांकडें तोंड, लुळा हात आणि अडखळणारी वाणी, हें चित्र बहुतेक श्रोत्यांच्या परिचयाचें आहे. परंतु हातपाय सावरल्यावरहि जी घेरी महिनोन्‌महिने पाठ सोडीत नाहीं, तिचा विचार घरांत फारसा होत नाहीं. ‘अशक्तपणा आहे, पडून राहा,’ असें सांगून वडीलधाऱ्यांस खाटेवर निजविलें जातें, आणि नेमकें तेंच बाधतें.

मनुष्याचा तोल तिघांच्या साक्षीवर चालतो : डोळे, आंतल्या कानांतील द्रवानें भरलेल्या नलिका, आणि पायांच्या स्नायूसांध्यांतून येणाऱ्या संवेदना. ह्या साक्षींचा मेळ मेंदूचा देठ व लहान मेंदू घालतात. तेथील रक्तपुरवठा तुटला म्हणजे साक्षी परस्परविरुद्ध होतात व स्थिर भिंत फिरूं लागते. सुदैवानें मेंदू हा हिशेब नव्यानें मांडूं शकतो. पण त्यासाठीं त्याला त्याची चूक वारंवार दिसली पाहिजे. १९४० च्या दशकांत इंग्लंडांत कॉथॉर्न व कूक्सी ह्यांनीं ह्याच विचारानें व्यायाम बसविले : प्रथम बिछान्यावर नुसते डोळे फिरविणें, मग मान, मग बसून, उभें राहून, आणि शेवटीं चालतां चालतां. त्यांत थोडी घेरी येणें अपेक्षितच असतें. घेरी दाबणाऱ्या गोळ्या पहिले कांहीं दिवस उपकारक खऱ्या. पुढें त्या मेंदूची ही शिकवणीच लांबवितात.

प्रत्येक घेरी मात्र एका जातीची नसते. उठतांना अंधारी येत असेल तर रक्तदाब निजून व उभें राहून असा दोनदां मोजवून घ्यावा. कधीं औषधाचें प्रमाणच अधिक झालेलें असतें. तें डॉक्टरांनींच बदलावें. कुशीवर वळतांच क्षणभर गरगरत असेल तर दोष कानांतील सुट्या कणांचा असूं शकतो, व डोकें ठराविक क्रमानें फिरविण्याच्या उपचारानें तो बहुधा लवकर जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यांत लोणी येथें प्रवरा वैद्यकीय संस्थेचें रुग्णालय व फिजिओथेरपीचें महाविद्यालय आहे. व्यायाम शिकण्यासाठीं पुण्यासच धांवलें पाहिजे असें नाहीं. जुन्या वाड्यांतील उभे जिने व ओलीं न्हाणीघरें मात्र आधीं सुधारावीं. कठडा आणि रात्रीचा दिवा ह्यांस फार खर्च येत नाहीं.

घेरी एकाएकीं नव्यानें आली, एकाचे दोन दिसूं लागले किंवा उभें राहवेना, तर व्यायाम नव्हे. १०८ क्रमांकास फोन करावा. कांदा हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. तोंडांत पाणी घालूं नये. गिळण्याची शक्ति गेली असल्यास तें श्वासनलिकेंत उतरतें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि डोंगराकडील अकोले गांवाहून नगर शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. रोगी शेवटचा ठीक केव्हां दिसला, ती वेळ घरच्यांनीं कागदावर टिपून बरोबर न्यावी.