नवास एक

आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतले जुने ऑसिलोस्कोप गेले आणि त्यांच्या जागी नवे डिजिटल स्कोप आले. विजेची लहर पडद्यावर रेखाटून दाखवणारे हे यंत्र. आणि ती लहर मंडलातून उचलून त्याच्यापर्यंत पोचवणारा, टोकदार मुठीचा केबलवजा भाग म्हणजे प्रोब. नव्या स्कोपांबरोबर आलेले प्रोब विद्यार्थ्यांच्या हाताखाली भराभर निकामी झाले. जुने डझनभर प्रोब निर्लेखनाच्या यादीत पडून होते. मी ते काढून नव्या स्कोपांना जोडले. जोडणी चपखल बसली, पडद्यावर लहर उमटली. काम झाले असे मला वाटले. ते झाले नव्हते, हे एका विद्यार्थिनीमुळे कळले.

तिचा प्रकल्प स्विचिंग पॉवर सप्लायचा होता. त्यातला मॉसफेट म्हणजे सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करणारा विजेचा दरवाजा. तिने निवडलेला मॉसफेट पूर्ण उघडायला त्याच्या गेटवर १० व्होल्ट लागत. स्कोपवर मात्र स्पंदांची उंची १३.६ व्होल्ट दिसत होती.

"सर्किट चुकलंय. उंची कमी कर," मी म्हणालो.

"पण सर, मल्टिमीटर सप्लाय १०च दाखवतोय."

मी पडद्यावर विश्वास ठेवला आणि तिच्या नोंदवहीत 'मंडल सदोष' असा शेरा मारला. तिने पडद्यावर १० दिसेपर्यंत उंची खाली आणली. अर्धवट उघडणारा मॉसफेट तापत गेला आणि जळाला. तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, हा प्रोब आधी स्कोपच्या स्वतःच्या खुंटीवर लावून बघू या का?" प्रत्येक स्कोपवर साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर देणारी अशी एक खुंटी असते, ती प्रोब तपासण्यासाठीच. आम्ही प्रोब लावला. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर शिंग उगवले होते.

असे का व्हावे? प्रोबला आपण तार समजतो, पण तो अर्धे मोजयंत्र असतो. नेहमीच्या दशांश प्रोबच्या टोकात ९ मेगाओहमचा रोध असतो आणि स्कोपच्या आत १ मेगाओहमचा. विद्युतदाब या दोघांत नवास एक असा वाटला जातो आणि स्कोपला त्याचा दहावा भाग मिळतो. मंडलावर भार कमी पडावा म्हणून ही योजना.

संथ दाबासाठी एवढे पुरते. पण केबलला आणि स्कोपच्या प्रवेशाला धारिताही असते, म्हणजे थोडा विद्युतभार साठवण्याची वृत्ती. दाब झपाट्याने बदलू लागला की वाटणी रोधांच्या हातून निसटते आणि धारिता ती ठरवू लागते. म्हणून टोकातल्या रोधाला समांतर एक छोटा धारित्र जोडतात. खालच्या एकूण धारितेच्या तो बरोबर एक नवमांश असला, तर संथ आणि वेगवान दोन्ही लहरींची वाटणी नवास एकच राहते. बारीकसारीक फरक मिटवण्यासाठी प्रोबमध्ये स्क्रूने फिरणारा ट्रिमर असतो.

आता आमचा हिशेब. टोकातला धारित्र १२ पिकोफॅरडचा, म्हणजे खाली १०८ हवेत. केबल आणि ट्रिमर मिळून ६१, जुन्या स्कोपचे ४७, बेरीज जुळते. नव्या स्कोपची प्रवेशधारिता मात्र १५. खाली उरले ७६. वेगवान लहरीचा दहावा भाग मिळायचा, तिथे १२ भागिले ८८, म्हणजे ०.१३६ मिळू लागला. त्या मुलीचे १३.६ व्होल्ट इथून आले होते. मल्टिमीटर स्थिर दाब मोजत होता, म्हणून तो खरे बोलत होता. तिच्या लहरीचा वेग इतका होता की शिंगे दिसलीच नाहीत. सगळा चौकोनच उंच झाला. वाकडी लहर दिसली असती तर मी थबकलो असतो. चूक नीटनेटकी होती, म्हणून फसलो.

ट्रिमर शेवटपर्यंत फिरवला, तरी शिंगे थोडी उरलीच. तेव्हा प्रोबच्या स्कोपकडच्या टोकाला असलेली छोटी पेटी उघडली आणि मधला वाहक व जमीन यांच्यामध्ये ३३ पिकोफॅरडचा अभ्रकाचा धारित्र डाखला. १५ आणि ३३ मिळून ४८; उरलेला एकचा फरक ट्रिमरने मिटला. धारित्राचे पाय अगदी आखूड ठेवले, कारण लांब पाय वेगवान लहरीला अडवतात. तो ५०० व्होल्टचा घेतला. कारण स्कोप न जोडता कोणी प्रोबचे टोक मोठ्या दाबावर टेकवले, तर दहावा भाग नव्हे, पूर्ण दाब त्या पेटीवर येतो. टोकातल्या धारित्राला हात लावला नाही, म्हणून मोजल्या जाणाऱ्या मंडलावरचा भारही पूर्वीइतकाच राहिला.

काही नव्या स्कोपांच्या जोडणीभोवती एक धातूची कडी असते. दशांश प्रोबवरची बारीक पिन तिला टेकते आणि आतला ठरावीक रोध वाचून स्कोप आकडे आपोआप दहापट करतो. जुन्या प्रोबला ती पिन नसते, त्यामुळे ५ व्होल्ट ०.५ दिसतात. त्यासाठी काही डाखण्याची गरज नाही. स्कोपच्या यादीत १०चा गुणक हाताने निवडला की झाले.

या दुरुस्तीला मर्यादा आहेत. धारिता वाढवता येते, वजा करता येत नाही. म्हणून जास्त धारितेच्या स्कोपला कमी धारितेचा प्रोब असा सहज जुळत नाही. शिवाय जुना प्रोब यामुळे नव्याइतका वेगवान होत नाही. १ किलोहर्ट्झला सपाट दिसणारा चौकोन ५० मेगाहर्ट्झची हमी देत नाही.

बारापैकी दहा प्रोब आम्ही असे जुळवले. दोघांच्या केबल आतून तुटल्या होत्या, ते यादीत परत गेले. प्रत्येक प्रोबवर आता एक पट्टी आहे : कोणत्या स्कोपसाठी जुळवला आणि केव्हा. तिचा नवा मॉसफेट खऱ्या १० व्होल्टवर गार चालला. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिची नोंदवही मागून घेतली, 'मंडल सदोष' हा शेरा खोडला, शेजारी 'प्रोब सदोष' असे लिहिले आणि सही केली.