सेल्फपुरती राखलेली बॅटरी

सरदार सरोवराचं पाणी फुगलं आणि अक्कलकुवा-अक्राणीतल्या नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना बोटीशिवाय वाट उरली नाही. 1 जुलै 1998 पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. आता तो नंदुरबारमध्ये येतो. मणिबेलीच्या त्या अंगाला दवाखानाही पाण्यावरून, बोटीतून जातो. अशा बोटीत रात्रभर दिवे जळले आणि पहाटे अडलेल्या बाळंतिणीला न्यायची वेळ आली, तर इंजिन पहिल्या सेल्फला उठायलाच हवं. त्यासाठी दोन बॅटऱ्या ठेवतात: एक इंजिनाची, दुसरी दिव्या-पंख्याची.

दोन्हींत शिसं तेच, आम्लही तेच. गास्तों प्लांतेनं 1859 मध्ये जमवलेली तीच जोडी. फरक फक्त प्लेटांचा. सेल्फच्या बॅटरीत पापडासारख्या पातळ प्लेटा पुष्कळ असतात, त्यामुळे आम्लाला भिडायला जागा भरपूर मिळते आणि क्षणात शेकडो अँपिअर सुटतात. पण ती वारंवार तळापर्यंत उतरवली तर प्लेटा झडतात. दिव्यांच्या बॅटरीच्या प्लेटा जाड. ती सावकाश देते, पण खोलवर उतरणं सोसते. गंमत हिशेबात आहे. 200 अँपिअरचा सेल्फ 3 सेकंद मारला तर जेवढा विद्युतभार खर्च होतो, तेवढ्यात 12 वॅटचा दिवा जेमतेम 10 मिनिटं जळतो. सेल्फला साठा फारसा लागत नाही, लागतो तो जोर.

मग एकाच अल्टरनेटरनं दोघींना कसं भरायचं? दोघी कायमच्या जोडल्या, तर दिवे दोघींनाही रिकामं करतील. इथे व्होल्टेज ओळखणारा छोटा रिले येतो, आणि त्याचं मला फार अप्रूप वाटतं. भरलेली बॅटरी नुसती असताना 12.6-12.7 व्होल्टच्या आसपास राहते. 13.3 दिसले म्हणजे कोणीतरी तिला भरतंय, अर्थात इंजिन चालू आहे! रिले दोघींना जोडतो. इंजिन थांबलं, व्होल्टेज 12.8 च्या खाली घसरलं, की तोडतो. इंजिनाकडे न बघता, फक्त अर्ध्या व्होल्टच्या फरकावरून.

खानदेशात उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. म्हणून बॅटऱ्या इंजिनाच्या धगीपासून लांब, वारा खेळेल तिथे पक्क्या बांधायच्या, आणि बुचं उघडून पातळी बघायची. उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. नदीच्या पाण्यातले क्षार प्लेटांना बाधतात.