हवा ओळखणारा फवारा

घरच्या हिरवळीला आपणहून पाणी घालणारे फवारे आता आपल्याकडेही विकत मिळतात. साधा फवारा घड्याळावर चालतो. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असला तरी सहा वाजले की हा आपला सुरू! नवा हुशार फवारा मात्र इंटरनेटवरून हवामान पाहतो. ऊन किती, वारा किती, हवेत दमटपणा किती, यावरून जमिनीतलं किती पाणी उडून गेलं असेल याचा हिशेब मांडतो आणि तेवढंच परत देतो. स्वस्तातला प्रकार म्हणजे पाऊस ओळखणारी डबी. तिच्यातल्या चकत्या पावसाने फुगतात, बटण दाबलं जातं आणि फवारा थांबतो. चकत्या वाळल्या की पुन्हा चालू. पापड सादळावेत तशी ही युक्ती, मला तर फार आवडली.

पण मैत्रिणींनो, आपल्या संभाजीनगरातला प्रश्न जरा वेगळा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराकडचं पाणी नहरीतून उताराने शहरात आणलं. आपलं पाणी येतं जायकवाडीहून, पंपाने चढवून. नळाला चार-सहा दिवसांआड पाणी, असे दिवस आपण वर्षानुवर्षं काढले. टाकीच कोरडी असली तर फवारा कितीही शहाणा असो, शिंपडणार काय?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. (सातवीच्या मुलींना हे गणित घालून पाहा, चटकन येतं.) दहा फूट लांब, दहा फूट रुंद हिरवळ म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. मे महिन्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तरी सेहेचाळीस लिटर झाले. रोज तीन बादल्या! आणि गंमत अशी, की हे यंत्र पाणी वाचवतं ते पावसाळ्यात. मे महिन्यात ऊन वाढलं की ते बिचारं प्रामाणिकपणे जास्तच पाणी मागणार, नेमकं आपल्याकडे नसतं तेव्हा.

हिरवळ आधीच असेल तर डबी जरूर बसवा, पाणी पहाटे द्या. नव्याने हिरवळ लावायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. त्याऐवजी मोगरा, कढीपत्ता, जास्वंद लावावी, बुंध्याशी वाळका पाला पसरावा आणि दोन रोपांच्या मध्ये मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं. ते भरून ठेवलं की भोवतालची माती कोरडी पडेल तसं पाणी झिरपतं. माती ओली असली की झिरपणं मंदावतं. पाऊस पडला तर मडकं भरलेलंच राहतं. वीज नाही, इंटरनेट नाही, आणि हवा ओळखण्याचं काम कुंभाराच्या मडक्याने केलं की नाही?

मडकं घेताना रंग दिलेलं घेऊ नका, ते झिरपत नाही. आणि वर झाकण हवंच, नाहीतर डासांची आयती सोय व्हायची.