जुनी पोस्टकार्डे : जपानमधील मिशनरी कुटुंबजीवनाच्या अभ्यासाचे एक साधन

मिशनरी संस्थांच्या अहवालांत शाळा, दवाखाने आणि धर्मांतरितांची संख्या यांची नोंद असते. घरातील जीवन त्यांत क्वचितच आढळते. ही उणीव जुनी पोस्टकार्डे काही अंशी भरून काढतात.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक १८७३ मध्ये हटविण्यात आले. सरकारी पोस्टकार्डही त्याच वर्षी सुरू झाले. खाजगी सचित्र कार्डांना १९०० मध्ये परवानगी मिळाली. प्रारंभी पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मुभा नसल्याने चित्राच्या कडेला दोन-चार ओळीच मावत. १९०७ पासून त्या बाजूचा एक तृतीयांश, तर १९१८ पासून निम्मा भाग मजकुरासाठी मोकळा झाला. त्यामुळे तारीख नसलेल्या कार्डाचा काळही विभाजक रेषेवरून अजमावता येतो.

त्रोटक मजकुरावरून मायेचा अभाव गृहीत धरणे मात्र चुकीचे ठरते. जागा अपुरी होती आणि उघडे कार्ड कोणाच्याही दृष्टीस पडे. आजारपण, पैशाची चणचण, शिक्षणासाठी मायदेशी धाडलेल्या मुलांचा विरह हे विषय बंद पाकिटासाठी राखले जाणे स्वाभाविक होते.

चित्रांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ या धर्मोपदेशकाने १८८६ मध्ये करुइझावा येथे उन्हाळा घालविला. पुढे ते मिशनरी कुटुंबांचे थंड हवेचे ठिकाण बनले. तेथील कार्डे सुटीचे दिवस दाखवितात, वर्षभराचे कष्ट नव्हेत.

सारांश, पोस्टकार्डात जे लिहिले आहे त्याइतकेच, जे लिहिता आले नाही तेही अभ्यासकाने वाचले पाहिजे.